पोरांनी धडा घरीच बघून यावा म्हणून पहिला व्हिडिओ करतेस तर हे ऐक
अगं, आख्खा तास रेकॉर्ड करून पोरांना पाठवू नकोस, कोणी बघत नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या २०१४ च्या अभ्यासातही ६ मिनिटांच्या आतलेच व्हिडिओ पोरांनी सगळ्यात टिकून बघितले होते, म्हणून एका व्हिडिओत एकच मुद्दा. कॅमेऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा, साधा कॉलर माइक घे, पंखा बंद ठेव आणि कर्वे रोडला राहतेस ना मग पहाटेच उरकून टाक, नाहीतर ओहमच्या नियमात बसचा हॉर्न (माझ्या पहिल्या व्हिडिओत भंगारवाला ओरडतोय, पोरं अजून चिडवतात). मध्येच थांबून एक प्रश्न विचार, उत्तर वहीत लिहून आणायला लाव. आणि वर्गात परत तेच शिकवत बसू नकोस हं, एकदा शिकवलंस की दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ कोण कशाला बघेल, तिथे फक्त गणितं सोडवून घ्यायची.