सिंगापूर ते न्यूयॉर्क अंतर किती, आणि विमानाला नक्की किती तास लागतात?

अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर सतरा तास येतात, मग विमान कंपनी साडेअठराच्या पुढे का सांगते, असं तुम्ही विचारलंय. तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त विमान सर्वांत जवळच्या रेषेवरून जातंच असं नाही.

आधी अंतर. हे कागदावर काढता येतं आणि मला त्यात फार मजा येते. सिंगापूरचा चांगी विमानतळ साधारण १०४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८, म्हणजे दोन्ही जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. त्यामुळे सर्वांत जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाला लागून जाते. सपाट नकाशावर हे दिसत नाही. पृथ्वीगोल असेल तर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून दोरा ताणून बघा, तो आपसूक वर सरकतो. ९० अंशांतून अक्षांश वजा केला की सिंगापूरहून ध्रुव ८८.६ अंश, तिथून न्यूयॉर्क ४९.४ अंश, एकूण १३८. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की सुमारे १५,३०० किलोमीटर.

आता वेळ. विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, ताशी शंभर-दोनशे, हिवाळ्यात कधी तीनशेहूनही जास्त. मी एका रात्री पूर्वेकडे जाताना समोरच्या पडद्यावर ताशी १,०९० हा आकडा पाहिला होता. इंजिनं नेहमीसारखीच चालली होती, वारा पाठीशी होता, एवढंच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

म्हणून सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना ध्रुव सोडून बऱ्याचदा पॅसिफिकवरून जातात. समजा वाट हजार किलोमीटरने लांबली, पण सरासरी ताशी ८० चा वारा पाठीशी मिळाला, तर १६,३०० भागिले ९८०, म्हणजे पावणेसतरा तासांच्या आत. लांबची वाट लवकर संपली! परतीची वाट त्या दिवसाचा वारा बघून वेगळी आखतात.

हवाई हद्दींचाही प्रश्न असतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपातल्या कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. विमानतळ होते तिथेच आहेत.

राहिलेला फरक जमिनीवरचा आणि चढ-उतारातला. वेळापत्रकातली वेळ विमान गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, शिवाय उशीर झालाच तर थोडी सवड, सगळं त्यात धरलेलं असतं.

तिकीट बघताना एक सांभाळा. दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क तिथल्या उन्हाळ्यात सिंगापूरच्या १२ आणि हिवाळ्यात १३ तास मागे असतं. जुलैत दुपारी १२ ला निघून त्याच तारखेला संध्याकाळी पावणेसातला पोचणार असं लिहिलं असेल, तर ते पावणेसात तास नाहीत. त्यात १२ मिळवा, पावणेएकोणीस होतात.