बाबाचा बेस गिटार हातात घेण्याआधी

पोरी,

तुझी व्हॉइस नोट काल रात्री तीनदा ऐकली. गिगची तारीख, तालमीची जागा, कीबोर्डवाल्याचं काय करायचं, ते सगळं आपण बघून घेऊ, पण शेवटी तू आवाज बारीक करून जे विचारलंस ना, "काका, लोक मला ऐकायला येतील की बाबाला आठवायला", ते काही डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलोय.

खरं सांगू? सुरुवातीला बाबालाच आठवायला येतील. येऊ देत. तो माणूस वीस वर्षं सीझनभर गोव्यात अंजुण्याला वाजवायचा, लोकांचा जीव होता त्याच्यावर, ते एका रात्रीत कसं सुटेल. तुझं मात्र एक चुकतंय असं मला वाटतं, तू आत्तापासूनच विचार करतेयस की बाबासारखं वाजवायचं की वेगळं वाजवायचं, आणि अजून बाबा काय वाजवायचा हेच तुला पूर्ण माहीत नाही. कुठला सूर ते माहितीये, सगळ्या लाइन्स पाठ आहेत तुझ्या. पण तो कुठे थांबायचा ते?

तुमच्या हॉलमध्ये जमैकाच्या रेगे गायक बॉब मार्लेचं जे मोठं पोस्टर आहे त्यात तुझा बाबा बॉबकडे बोट दाखवायचाच नाही, मागे अंधारात बेस घेऊन उभ्या असलेल्या दाढीवाल्याकडे दाखवायचा, आठवतंय? ॲस्टन बॅरेट, सगळे त्याला फॅमिली मॅन म्हणायचे. १९४६ चा जन्म, किंग्स्टनचा, आणि पहिला बेस विकत घेतलेला नाही, प्लायवूड कापून स्वतःच बनवलेला, एका तारेचा. धाकटा भाऊ कार्लटन ड्रमवर. दोघं आधी प्रोड्यूसर ली स्क्रॅच पेरीच्या अपसेटर्स बँडमध्ये होते, तिथून बॉबच्या बँडमध्ये, वेलर्समध्ये आले, आणि १९७३ च्या 'कॅच अ फायर' अल्बमपासून पुढे बॉबच्या गाण्यांचा पाया या दोन भावांनी भरला. गाणं बॉबचं, पण ज्याच्यावर ते उभं आहे ती जमीन बॅरेट बंधूंची, हे तुझ्या बाबाचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता त्या फॅमिली मॅनचा मुलगा बघ, ॲस्टन बॅरेट ज्युनियर. आज वेलर्स तोच चालवतो. पण बाप बेस घेऊन उभा असायचा तेव्हा हा पोरगा त्याच बँडमध्ये ड्रमवर बसायचा. म्हणजे काकाच्या जागेवर. कार्लटनला १९८७ मध्ये किंग्स्टनला त्याच्या घराबाहेर गोळ्या घातल्या होत्या, छत्तीस वर्षांचा होता फक्त. त्या काकाचे ठोके हा वाजवतोय आणि शेजारी बाप आपल्या भावासोबत जे वाजवायचा तेच आता मुलासोबत वाजवतोय, मला हे नुसतं लिहितानाच गलबलून येतं.

तर माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हेच. बेस केसमध्येच राहू दे. महिनाभर माझ्याकडे येऊन ड्रमवर बस. तू तबला शिकलीयस ना लहानपणी, तर तुला पटकन कळेल. आपल्याकडे सगळं फिरून समेवर येतं, सम म्हणजे घर, तिथे हात पडलाच पाहिजे. रेगेच्या वन ड्रॉप ठेक्यात बरोबर तिथेच काही नाही. एक, दोन, तीन, चार मोज, पहिली मात्रा मोकळी, पायाचा ड्रम आणि स्नेअर ड्रमच्या कडेवरची काठी दोन्ही मिळून तिसरीवर पडतात, गिटारचा तो छोटा कट दुसरी-चौथीवर, आणि या सगळ्याच्या मधून बेस चालत जातो, कधी त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकतो कधी मुद्दाम टाकत नाही. नवीन माणूस ती जागा भरायला जातो. भीती वाटते त्याला, इतकी शांतता कशी सोडायची. तुझा बाबा सोडायचा. मी मागे बसून बघायचो ना, त्याचा उजवा हात हवेत थांबलेला असायचा, तारेपासून बोटभर वर, आणि तो डोळे मिटून माझ्या काठीची वाट बघायचा. हे तुला रेकॉर्डिंग ऐकून नाही कळणार, ड्रमवर बसलीस की कळेल.

आणि वारसा म्हणजे बापाकडून मुलाकडे सरळ उतरणारी वस्तू असं तुझ्या डोक्यात बसलंय, ते जरा सैल कर. एक उदाहरण देतो, मला हे फार आवडतं. फॅमिली मॅनचा एक शिष्य होता, रॉबी शेक्सपिअर. त्याने बेस फॅमिली मॅनकडून घेतला आणि पुढे स्लाय डनबारबरोबर अशी जोडी जमवली की स्लाय अँड रॉबी म्हणजे एक घराणंच झालं. १९८४ मध्ये या जोडीने आयनी कमोझे नावाच्या गायकासाठी एक रिडिम वाजवला. रिडिम म्हणजे तुला माहितीच आहे, बेस आणि ड्रमचा सांगाडा, जमैकात एकाच रिडिमवर वेगवेगळे गायक वेगवेगळी गाणी म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, जशी आपल्याकडे एकाच बंदिशीची प्रत्येकाची मांडणी वेगळी. तर तो १९८४ चा रिडिम २००५ मध्ये कुणी उचलला? डेमियन मार्लेने, 'वेलकम टू जॅमरॉक'साठी. बॉबचा सगळ्यात धाकटा मुलगा, वडील गेले तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. म्हणजे बघ, बॉबच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात शिष्याकडे गेला आणि वीस-एकवीस वर्षांनी फिरून बॉबच्याच मुलाकडे आला. आणि त्या पोराने बापाची नक्कल केली नाही, तो गायचा कमी आणि बोलायचा जास्त, तालावर बोलत जाणाऱ्या डान्सहॉलवाल्यांसारखा, आणि त्या अल्बमची दोन ग्रॅमी घेऊन आला. त्याचं काम पुढे उभं करणारा, प्रोड्यूसर म्हणून, त्याचाच मोठा भाऊ स्टीफन.

तुझ्याकडेही बाबाचं सगळं बाबाकडून येणार नाहीये. थोडं माझ्याकडे आहे, थोडं त्या कीबोर्डवाल्याकडे, थोडं बाबाने शिकवलेल्या त्या दोन पोरांकडे जे आता बंगळुरूला असतात. त्यांना फोन कर. लाजू नकोस.

अजून एक, हे जरा कडक सांगतो. किनाऱ्यावर वाजवताना रेगे म्हणजे बीअर आणि झुला असं होऊन बसतं, समोरचे लोक तसेच असतात, त्यांचा दोष नाही. पण तू तशी वाजवू नकोस. बॉबचं 'वॉर' आपण दरवेळी वाजवतो ना, त्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हैले सेलासीने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले आहेत, वंशभेदाविरुद्धचे, आणि त्या गाण्याच्या लेखकांमध्ये ड्रमर कार्लटनचं नाव आहे. प्रत्येक गाणं हातात घेण्याआधी शब्द वाच, कुणासाठी लिहिलंय ते बघ, मग बोटं आपोआप वेगळी पडतात.

आणि हो कागद! तू हसशील पण हे सूर-तालाइतकंच महत्त्वाचं आहे. फॅमिली मॅनने रॉयल्टीसाठी स्वतःच्या आणि भावाच्या नावाने लंडनच्या कोर्टात दावा लावला, सहा कोटी पौंडांच्या आसपासचा, आणि २००६ मध्ये तो हरला. १९९४ मध्ये सही करून बसलेला एक समझोता आडवा आला. ज्याच्या बेसवर जग नाचलं त्याची ही गत. आपली तर गोष्टच लहान, पण मी आणि तुझ्या बाबाने एकदा एका जाहिरातीसाठी दुपारभरात ट्रॅक करून दिला, रोख पैसे घेतले, कागद काही केला नाही, आणि मग तीच बेसलाइन दोन-तीन वर्षं टीव्हीवर ऐकू यायची, तुझा बाबा आवाज म्यूट करायचा. कुणाला काही बोलला नाही कधी. तू नवीन काही बनवलंस तर त्याच दिवशी कुणी काय केलं ते लिहून सगळ्यांच्या सह्या घे, मैत्रीत असलीस तरी, मैत्रीत तर आधी घे.

त्या ज्युनियरचं एक सांगायचं राहिलं. २०२४ मध्ये बॉबवरचा सिनेमा आला त्यात फॅमिली मॅनचं काम त्यानेच केलं, स्वतःच्या बापाचं. ३ फेब्रुवारीला बाप गेला, १४ तारखेला सिनेमा थेटरात लागला. अकरा दिवस. जगभरच्या पडद्यावर तो बापासारखा उभा होता, आणि घरात ताजं दुःख. मला माहीत नाही त्याने ते कसं पेललं, पण तू म्हणालीस ना की बाबाच्या जागेवर उभं राहिलं की हात थरथरतात, तर थरथरू देत. हळू गाणं आधी घेऊ, लोकांना काही कळणार नाही.

बेसची काळजी मात्र आत्ताच सांगून ठेवतो. तारा बदलायच्या नाहीत, गुळगुळीत फ्लॅटवाउंड आहेत त्या, जितक्या जुन्या तितका आवाज मऊ, दुकानदार नवीन घाल म्हणेल, ऐकू नकोस. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा एक तुकडा अडकवलेला दिसेल, काळा पडलाय, तो कचरा समजून काढू नकोस, त्यामुळेच आवाज लांबत नाही आणि धप्प करून बसतो. ट्रेबलचं बटण पूर्ण खाली. आणि मानेजवळ जिथे पॉलिश उडून लाकूड दिसतंय ना, तिथे त्याचा अंगठा टेकायचा. तुझा हात लहान आहे, तुझा अंगठा दोन बोटं अलीकडे टेकेल. तिथेच टेकव.

शनिवारी चारला ये. काठ्या माझ्याकडे आहेत. येताना आईला विचारून त्या जुन्या कॅसेटचा डबा घेऊन ये, त्यात तालमींची रेकॉर्डिंग्ज आहेत, एकीवर तू मागे रडतेयस, आठ-नऊ महिन्यांची असशील, आणि बाबा न थांबता वाजवतोय.

काका