जतन, संवर्धन की जीर्णोद्धार?

विचारणा अशी आहे: एडमोनिया लुईस या एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी शिल्पकार. त्यांच्या 'क्लिओपात्राचा मृत्यू' या शिल्पाचा 'जीर्णोद्धार झाला' असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. जीर्णोद्धार देवळाचा, बारवेचा, घाटाचा होतो. पडलेलं पुन्हा उभारायचं, नवे दगड घालायचे, वास्तू वापरात आणायची. मूळ कारागिराच्या हाताची खूण राहिलीच पाहिजे, असा आग्रह त्या शब्दात नाही. जुन्या कोरीव कामावर ऑइलपेंट फासूनही जीर्णोद्धाराची पाटी लागते! लुईस यांच्या बाबतीत ती खूणच लाखमोलाची. लुईस रोममध्ये काम करायच्या. तिथले इतर शिल्पकार संगमरवराचं काम मजुरीवर कारागिरांकडून करून घेत. लुईस बरंचसं काम स्वतः करायच्या, कारण एका कृष्णवर्णीय बाईने हे घडवलं यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत ही धास्ती होती.

हे टनाहून जड शिल्प १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात गाजलं. पुढे शिकागोत एका दारूच्या गुत्त्यात गेलं, मग क्लिओपात्रा नावाच्याच शर्यतीच्या घोडीच्या थडग्यावर बसलं. तिथे ऊनपाऊस खात कित्येक दशकं गेली. नंतर ते भंगारासारखं एका आवारात पडलं असताना स्काउटच्या मुलांनी त्याला रंग दिला. हेतू चांगला, पण याला रंगरंगोटीच म्हणायचं. शिकागोजवळच्या फॉरेस्ट पार्क गावाच्या इतिहास मंडळाने ते ताब्यात घेऊन १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संस्थेच्या कलासंग्रहालयाला दिलं. तज्ज्ञांनी ते साफ केलं, नाक, हनुवटी, हात यांची झीज दुरुस्त केली. या कामाला 'संवर्धन' म्हणावं. त्या शब्दात 'वाढवणे' आहे म्हणून काहीजण नाक मुरडतात, पण संग्रहालयांच्या मराठीत तो आता पक्का रुळला आहे.

आणि शोध, ताबा, देणगी, दुरुस्ती या सगळ्या खटपटीला मिळून 'जतन'. संस्कृत 'यत्न'पासून आलेला हा शब्द मला इथे सर्वांत जवळचा वाटतो, कारण नुसतं ठेवून दिल्याने काही टिकत नाही, हे त्याच्या पोटातच आहे. तेव्हा वाक्य असं करा: 'शिल्पाचं संवर्धन झालं आणि लुईस यांचा ठेवा जतन झाला.'

जीर्णोद्धार हा शब्द वापरायचाच असेल तर त्यांच्या थडग्यासाठी वापरा. १९०७ मध्ये लुईस लंडनला वारल्या. केन्सल ग्रीनमधल्या त्यांच्या विस्मृतीत गेलेल्या थडग्यावर २०१७ मध्ये वर्गणी काढून नवा दगड बसवला गेला.