जठरातली गाठ कॅन्सरची नाही असं वाटतंय, तर दुर्बिणीतून काढावी की पोट उघडून? दुर्बिणीत काही मागे राहतं का?

"पोट उघडलं की सगळं नीट दिसतं" हे वाक्य माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

सासूबाईंचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं. एंडोस्कोपीत जठराच्या भिंतीवर गुळगुळीत फुगवटा दिसला, मधोमध बारीकसा व्रण, तिथूनच रक्त जात होतं. बायोप्सीत काहीच आलं नाही. येणार कसं? गाठ खाली स्नायूच्या थरात आणि चिमट्यात आलं नुसतं वरचं अस्तर. थर कळला तो एंडोस्कोपिक सोनोग्राफीत. त्यात पेट स्कॅनवर (जास्त साखर शोषणाऱ्या पेशी उजळून दाखवणारी, कॅन्सर शोधायला वापरतात ती तपासणी) गाठ उजळली आणि घरात रडारड. दिरांनी निकालच दिला: कॅन्सर आहे, मोठा छेद घ्या, अर्धं जठर काढा.

सर्जन शांतपणे सांगत होते की ही जिस्ट (भिंतीतलीच, पण कॅन्सरकडे झुकू शकणारी गाठ) असेल किंवा श्वानोमा. दोन्हींत भोवतीची थोडी भिंत घेऊन गाठ अखंड काढली की पुरतं, लसिकाग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत. शेवटी झालंही तसंच. छोट्या छिद्रांतून स्टेपलरने तेवढा भाग कापला, पिशवीत घालून बेंबीजवळून बाहेर काढला. रिपोर्टमध्ये एस-१०० (नसेच्या आवरणातल्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह, सीडी-११७ आणि डॉग-१ (जिस्टच्या खुणा) निगेटिव्ह. म्हणजे श्वानोमा, नसेच्या आवरणातून उगवणारी, जवळपास नेहमीच निरुपद्रवी. अशी गाठ साधी असूनही पेटवर उजळते, हे दिरांना आजही पटत नाही.

मागे राहण्याचं म्हणाल, तर त्याचा छेदाच्या लांबीशी संबंध नाही. गाठ फुटता कामा नये आणि कापलेल्या कडांत गाठीचा अंश नको, बस्स. लांब छेदाने फक्त दुखणं वाढतं.

अर्थात गाठ फार मोठी असेल तर उघडावं लागतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी असेल तर स्टेपलरने वाट अरुंद होऊ शकते. तिथे आतून एंडोस्कोपी आणि बाहेरून लॅपरोस्कोपी (पोटावरच्या छिद्रांतून दुर्बीण) असं एकत्र करतात, जपानी सर्जननी २००८ मध्ये मांडलेली पद्धत. २ सेंटिमीटरहून लहान आणि त्रास नसलेल्या गाठीवर बऱ्याचदा नुसती नजर ठेवतात. तेव्हा जागा आणि आकार आधी विचारा.

आणि ठरवताना पेशंटला समोर बसवा. दिरांनी सगळी चर्चा दुसऱ्या खोलीत नेली होती, जणू पोट सासूबाईंचं नव्हतंच. ते मी अजून विसरलेले नाही.