दोन्ही भावांचा टीबी एकाच जंतूचा का?

तुमचा भाऊ शिरोलीच्या फौंड्रीत. त्याला आधी टीबी निघाला, चार महिन्यांनी तुम्हाला. दोघांच्याही सीबीनॅट (थुंकीतला टीबीचा जंतू मशीनवर शोधायची तपासणी) रिपोर्टवर 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' आहे, म्हणजे रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतू दाद देत नाही असं दिसलेलं नाही, मग जंतू एकच ना, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात थुंकीच्या डब्या हाताळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. या रिपोर्टवरून ते ठरत नाही.

सीबीनॅटला थुंकीत दुप्पट द्रावण घालायचं, डबी जोरात हलवायची, पंधरा मिनिटं ठेवायची आणि 2 मिली कार्ट्रिजमध्ये सोडायचं. दोन तासांच्या आत मशीन उत्तर देतं. (तेही थुंकी धड असेल तर. निम्मे लोक चहा पिऊन येतात आणि नुसती लाळ देऊन जातात. खोल खोकून काढलेला सकाळचा बेडका पाहिजे.) मशीन बघतं ते एवढंच: टीबीचा जंतू आहे का, आणि त्याच्या आरपीओबी या जनुकातल्या 81 अक्षरांच्या तुकड्यात बदल आहे का. जंतूचा सगळा डीएनए सुमारे 44 लाख अक्षरांचा. त्यातली 81 तुम्हा दोघांची जुळली यात नवल नाही. रिफॅम्पिसिन लागू पडणाऱ्या बहुतेक पेशंटांची जुळतात.

जंतूची ओळख पटवायची तर त्याचा पूर्ण डीएनए वाचावा लागतो. भावाला विचारा, पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याला, ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक कास्टिंगवर (ओतलेल्या भागावर) तो उमटतो का नाही? जंतूच्या डीएनएत एखादं अक्षर बदललं की त्याच्या पुढच्या सगळ्या पिलावळीत ते तसंच उतरतं. टीबीचा जंतू बदलतो फार सावकाश, दोन वर्षांत साधारण एक अक्षर. म्हणून दोन पेशंटांच्या जंतूंत 5 किंवा कमी अक्षरांचा फरक असला तर लागण अलीकडची धरतात, 12 च्या वर गेला तर सहसा संबंध नाही म्हणतात. पण जुळलं तरी भावानंच तुम्हाला दिला असं सिद्ध होत नाही. दोघांनी तिसऱ्याच कुणाकडून उचलला असेल.

शिवाय पूर्ण डीएनए वाचायला बहुधा आधी कल्चर करावं लागतं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवावा लागतो, त्यात आठवडे जातात, आणि तुमच्या गोळ्यांत त्यानं काही फरक पडत नाही. त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा एलपीए (औषधांना दाद न देणारा जंतू ओळखायची आणखी एक जनुक-तपासणी) झाली का ते विचारा, सरकारी कार्यक्रमात ती फुकट होते. नेहमीचं सीबीनॅट आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाकडे बघतच नाही. एलपीए त्यासाठी कॅटजी आणि आयएनएचए ही जनुकं तपासते. तिथं रेझिस्टन्स निघाला तर औषधं बदलतात.

आणि कोर्स संपल्यावर 'खात्रीसाठी' सीबीनॅट करू नका. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात दिसतो. आमच्या गल्लीतल्या एकाचं एका खाजगी लॅबनं असंच केलं. पॉझिटिव्ह आलं, घरात रडारड. मग कल्चर लावलं, त्यात काहीच उगवलं नाही.

भाऊ वाळूच्या खात्यात असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसं आधीच खराब झालेली असली की टीबी लवकर धरतो. आणि घरात तीन वर्षांची पुतणी आहे म्हणालात, तिची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. टीबी नसेल तरी तिला प्रतिबंधक औषध सुरू करतात.