पिट्युटरीवर काम करणार असशील तर

पीएचडीला पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हॉर्मोन बनवणारी ग्रंथी घेतलीस, छान केलंस. जनुकांचं सिक्वेन्सिंग वगैरे होत राहील, आधी हॉर्मोन मोजायला शीक. १९७७ सालच्या वैद्यकातल्या नोबेलचा अर्धा वाटा गियमँ आणि शॅलींना मेंदूतल्या हॉर्मोनांच्या शोधासाठी मिळाला. त्यांनी त्यासाठी मेंढ्या-डुकरांचे लाखो हायपोथॅलॅमस (मेंदूचा पिट्युटरीला हुकूम देणारा भाग) उपसले होते. उरलेला अर्धा रोझलिन यॅलोंना, तोही हॉर्मोन मोजण्याच्या पद्धतीसाठी!

प्रोलॅक्टिनचंच घे, म्हणजे पिट्युटरीतून येणारं, दूध तयार करवणारं हॉर्मोन. एमआरआयमध्ये चार सेंटिमीटरची गाठ दिसते आणि रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं. अशा वेळी नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावायला सांग. या चाचणीत दोन अँटिबॉडी हॉर्मोनच्या एकाच रेणूला दोन बाजूंनी पकडतात, तेच सँडविच, आणि त्यावरून आकडा निघतो. हॉर्मोन अतोनात असलं की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंना चिकटून बसतात, सँडविच बनतच नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. हाच हुक इफेक्ट. तो निसटला तर कॅबर्गोलिन या प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी आक्रसली असती अशी गाठ उगाच ऑपरेशनला जाते. याच्या उलट मॅक्रोप्रोलॅक्टिन, म्हणजे बहुधा अँटिबॉडीला जोडलेलं, फारसं काम न करणारं प्रोलॅक्टिन: आकडा मोठा, पेशंटला बहुतेकदा त्रास काहीच नाही.

ग्रोथ हॉर्मोन झटक्याझटक्याने स्रवतं, म्हणून एकट्या नमुन्यावर विसंबू नकोस, आयजीएफ-१ बघ; ते ग्रोथ हॉर्मोनमुळेच बनतं आणि त्याची पातळी दिवसभर स्थिर असते. कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन सकाळी जास्त, रात्री कमी असतं; त्याच्या नळीवर वेळ लिहिलेली नसेल तर माझ्या लेखी तो नमुना बाद.

आणि न्यूरोसर्जनशी जमवून घे, गाठीचा ताजा तुकडा त्यांच्याकडूनच मिळणार. एथिक्स कमिटीची परवानगी आधीच काढून ठेव, ऑपरेशनच्या दिवशी तुकडा लगेच गोठवायला लिक्विड नायट्रोजन घेऊन थिएटरबाहेर हजर राहा. तू नसलास तर सिस्टर गाठ सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग चांगल्या आरएनएची आशा सोड.