तोच स्क्रीनशॉट पुन्हा काढता येईल का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोग्रॅमिंग जमते, पण लिहिण्याची आवड अधिक असल्याने टेक्निकल रायटिंगकडे (सॉफ्टवेअर कसे वापरावे हे समजावून लिहिण्याच्या कामाकडे) वळावे असे वाटते. प्रकल्प म्हणून मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची ४२ पानांची माहितीपुस्तिका तयार केली असून तिच्यात ६८ स्क्रीनशॉट आहेत. एका इंटर्नशिपच्या मुलाखतीत ती दाखवली, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पाने चाळून एवढेच विचारले, "पुढच्या आवृत्तीत डावीकडचा मेनू वर गेला, तर काय कराल?" मला उत्तर देता आले नाही. स्क्रीन कॅप्चरचे कोणते सॉफ्टवेअर शिकावे, ते विकतचे घ्यावे का, आणि स्क्रीनशॉट आपोआप काढणारी साधने आलेली असताना या कामाला भविष्य आहे का, हे कृपया कळवावे. पुस्तिकेतील तीन पाने सोबत जोडली आहेत.

उत्तर : स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात तुमचे स्वतःचे तीन प्रश्न आहेत, परंतु मुलाखतीतला चौथा प्रश्न त्या तिन्हींपेक्षा मोलाचा असल्याने उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. तुमची चित्रे चांगली आहेत की वाईट, हे त्या बाईंनी विचारलेच नाही. ती किती काळ खरी राहतील आणि खरी राहिली नाहीत तर कोण, कशी बदलणार, हे त्यांनी विचारले. सॉफ्टवेअरचे रूप वर्षातून अनेकदा बदलते आणि जुना झालेला स्क्रीनशॉट हा मुळात नसलेल्या स्क्रीनशॉटपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो, कारण वाचणारा मजकुराआधी चित्रावर विश्वास ठेवतो, चित्रात दिसलेले बटण त्याच जागी शोधत बसतो, आणि ते सापडले नाही की पुस्तिका चुकली असे न मानता आपलेच काहीतरी चुकले असे मानतो. म्हणून या व्यवसायात देखणा स्क्रीनशॉट काढणाऱ्यापेक्षा, तोच स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी हुबेहूब त्याच पद्धतीने पुन्हा काढू शकणाऱ्याला अधिक किंमत असते.

आता तुमची तीन पाने पाहू. पहिल्या पानावर नवीन सभासदाच्या नोंदणीचा फॉर्म आहे, पण चित्रात फॉर्मबरोबर सगळा डेस्कटॉप आला आहे : खाली टास्कबार, कोपऱ्यात घड्याळ, ब्राउझरमध्ये उघडे असलेले इतर टॅब, आणि त्यांपैकी एकावर तुमचा स्वतःचा ई-मेल पत्ता. ज्या फॉर्मसाठी चित्र काढले त्याच्या वाट्याला जेमतेम पाव जागा आली आहे, आणि पानात बसवण्यासाठी चित्र लहान केल्यामुळे रकान्यांची नावे वाचता येत नाहीत. दुसऱ्या पानावर अक्षरे एकदम मोठी झाली आहेत. ते चित्र बहुधा दुसऱ्या संगणकावर काढलेले असावे, कारण एका संगणकावर डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरची अक्षरे व चिन्हे किती मोठी दिसावीत याचे प्रमाण) १०० टक्के आणि दुसऱ्यावर १२५ किंवा १५० टक्के असले की नेमके असे होते. तिसऱ्या पानावरचे बाण लाल आहेत, दुसऱ्यावरचे केशरी होते, आणि एका बाणाचे टोक 'जतन करा' व 'रद्द करा' या दोन बटणांच्या बरोबर मध्ये थांबले आहे. वाचणाऱ्याने नेमके कोणते दाबायचे?

यांतला एकही दोष सॉफ्टवेअर येत नसल्यामुळे झालेला नाही. पहिले चित्र काढण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून कागदावर उतरवल्या गेल्या नाहीत, एवढेच घडले आहे. हे काम नेटाने करणारे लोक आधी एक पानाचा नियमपट तयार करतात. विंडोचा आकार किती पिक्सेलचा ठेवायचा (उदाहरणार्थ १२८० बाय ८००), स्केलिंग आणि ब्राउझरचा झूम किती, फिकट थीम की गडद, कोणत्या अधिकाराच्या खात्याने लॉग-इन करायचे, बाणांची जाडी आणि रंग कोणता, हे त्यात लिहिलेले असते. खात्याचा मुद्दा नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटतो : ग्रंथपालाला दिसणारा मेनू आणि विद्यार्थ्याला दिसणारा मेनू वेगळा असतो, आणि पुस्तिका विद्यार्थ्यांसाठी असताना चित्रे ग्रंथपालाच्या खात्यातून काढली, तर वाचणाऱ्याला पडद्यावर कधीच न दिसणारी बटणे चित्रात दिसत राहतात. फाइलचे नाव चित्राच्या क्रमांकावरून न देता आशयावरून द्यावे, कारण मध्ये एक चित्र वाढले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. 'चित्र-१२' या नावातून काही कळत नाही, 'सभासद-नोंदणी-फॉर्म-रिकामा' या नावातून सगळे कळते. प्रत्येक चित्रासमोर त्या पडद्यापर्यंत कसे पोहोचायचे याची एक ओळ लिहिलेला तक्ता ठेवला, तर पुढच्या वेळी ते चित्र तुमच्याऐवजी दुसरे कोणीही काढू शकेल.

चित्र मागाहून लहान करण्याऐवजी विंडोच आधी योग्य आकाराची करून घ्यावी, म्हणजे अक्षरे फुटत नाहीत. साठवताना पीएनजी फॉरमॅट वापरावा. जेपीईजी छायाचित्रांसाठी चांगला असला तरी अक्षरांच्या कडांभोवती त्यात बारीक धूळ बसल्यासारखे दिसते. छपाईसाठी ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके) हवे म्हणून एडिटरमध्ये तो आकडा बदलण्याची सवय मला अनेक विद्यार्थ्यांत दिसते, पण त्याने पिक्सेल वाढत नाहीत : १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ६ इंचांत छापले की ते २०० डीपीआयच राहणार. खरोखर अधिक तपशील हवा असेल, तर चित्र काढण्याआधी स्केलिंग २०० टक्के करून विंडोही त्याच प्रमाणात मोठी ठेवावी.

दुसऱ्या पानाबद्दल थोडे गंभीरपणे लिहिणे भाग आहे. तिथे सभासदांची खरी यादी आहे आणि नावे व फोन क्रमांक तुम्ही धूसर केले आहेत. धूसर केलेला किंवा मोठ्या चौकोनांत फोडलेला मजकूर, विशेषतः आकडे, काही वेळा पुन्हा ओळखता येतात, त्यामुळे गोपनीय माहितीवर भरीव रंगाची पट्टी टाकून चित्र एकसंध करूनच, म्हणजे पट्टी मागाहून हटवता येणार नाही असे, साठवावे. कडेचा भाग कापून टाकणे हेही पुरेसे असतेच असे नाही : २०२३ मध्ये असे उघड झाले, की विंडोज ११ मधील स्निपिंग टूल आणि गुगल पिक्सेल फोनवरील मार्कअप या स्क्रीनशॉट कापण्याच्या दोन्ही साधनांत, कापलेले चित्र मूळ फाइलवरच साठवले तर कापलेल्या भागाचा डेटा फाइलमध्ये मागे उरत असे आणि चित्राचा काही भाग परत मिळवता येत असे. हे दोष दुरुस्त झाले, पण त्यातून घ्यायची काळजी कायम राहते. खरी माहिती पडद्यावर येऊच न देणे, म्हणजेच काल्पनिक सभासदांची एक छोटी यादी आधी भरून ठेवणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. त्यासाठी सोयही आहे : एक्झाम्पल डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग ही नावे १९९९ च्या आरएफसी २६०६ (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजमालिकेतील एक) नुसार उदाहरणांसाठी राखीव आहेत, आणि १९२.०.२ ने सुरू होणारे आयपी पत्ते, तसेच आणखी दोन गट, २०१० च्या आरएफसी ५७३७ नुसार केवळ दस्तऐवजांसाठी राखून ठेवलेले आहेत. जाणकार परीक्षकाला असा पत्ता चित्रात दिसला की, उमेदवाराला या कामाची रीत माहीत आहे, हे न सांगता कळते.

यानंतर खरा कठीण भाग येतो आणि तो म्हणजे चित्रे वगळणे. ४२ पानांत ६८ चित्रे म्हणजे पानागणिक दीडहून अधिक. माझ्या मते त्यांतली निम्म्याहून जास्त काढून टाकता येतील. वाचणारा एखाद्या पडद्यावर पहिल्यांदाच येतो आणि त्याला कुठे काय आहे याची ओळख हवी असते तेव्हा, एखाद्या चिन्हाखाली नाव लिहिलेले नसते तेव्हा, आणि केलेले काम बरोबर झाले की नाही हे निकाल पाहून ताडायचे असते तेव्हा चित्राला पर्याय नसतो. याउलट "तुम्हाला खात्री आहे का?" असे विचारणाऱ्या, 'हो' आणि 'नाही' एवढीच बटणे असलेल्या डायलॉग बॉक्सचे चित्र देऊन कोणाचेही भले होत नाही, आणि तुमच्या तीन पानांत तशी दोन चित्रे आहेत.

मुलाखतीतल्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. "डावीकडच्या मेनूतील तिसऱ्या ओळीवर क्लिक करा" असे लिहिले, तर मेनू वर गेल्याबरोबर वाक्य खोटे होते. "'सभासद' मेनूतून 'नवीन नोंद' निवडा" असे लिहिले, तर मेनू कुठेही गेला तरी ते खरेच राहते. चित्राचेही तसेच आहे. फॉर्म दाखवायचा असताना चित्र फॉर्मपुरतेच कापले, तर मेनू त्यात येतच नाही आणि मेनू हलल्याचा त्या चित्राला धक्का लागत नाही. संपूर्ण विंडो दाखवणारी चित्रे पुस्तिकेत दोन-तीनच ठेवली आणि ती कोणती हे तक्त्यात नोंदवले असेल, तर "एवढीच चित्रे पुन्हा काढावी लागतील, ती अमुक आकारात आणि तमुक खात्यातून काढायची आहेत" असे तुम्हाला शांतपणे सांगता आले असते.

सॉफ्टवेअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबून, आणि मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबून मिळणाऱ्या सोयी सुरुवातीला पुरतात. त्यांच्यापुढे जायचे तर विंडोजसाठी ग्रीनशॉट आणि शेअरएक्स, लिनक्ससाठी फ्लेमशॉट ही मोफत व मुक्तस्रोत साधने आहेत आणि त्यांत बाण, चौकटी आणि पायऱ्यांचे क्रमांक टाकता येतात. विकतच्या साधनांत टेकस्मिथ कंपनीचे स्नॅगिट हे १९९० पासूनचे नाव आहे. ठरलेल्या मांडणीचे संच साठवणे, लांबलचक पान सरकवत टिपणे, आणि बाण व टिपा सुट्या ठेवून नंतर बदलता येणे या गोष्टी त्यात सुलभ आहेत. ते तुम्ही आता विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरीत कंपनी स्वतःचे साधन देते, ते बहुधा वेगळेच असते, आणि एक साधन नीट हाताळलेल्या माणसाला दुसरे शिकायला आठवडा पुरतो. पडद्याची ध्वनिचित्रफीत करायची असल्यास ओबीएस स्टुडिओ मोफत आहे, मात्र एक बटण बदलले तर एक चित्र बदलून भागते, चित्रफीत अनेकदा मुळापासून करावी लागते, हे ध्यानात ठेवून तो मार्ग जपून वापरावा.

दोन सवयी मात्र आत्ताच लावून घ्याव्यात. चित्रावर शब्द न लिहिता क्रमांक टाकावेत आणि स्पष्टीकरण खाली मजकुरात द्यावे, म्हणजे पुस्तिकेचे भाषांतर करताना टिपांसाठी चित्राला हात लावावा लागत नाही. आणि प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, द्यावा, कारण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला त्याखेरीज चित्रातले काही कळत नाही. त्याच कारणाने, एखादी आवश्यक सूचना फक्त चित्रात आहे आणि मजकुरात नाही, असे कधीही होऊ देऊ नये. "लाल चौकटीतले बटण दाबा" हेही टाळावे, कारण रंग सर्वांना सारखे दिसत नाहीत.

भविष्याविषयीची तुमची शंका रास्त आहे. प्रत्येक क्लिकचे चित्र आपोआप काढणारा स्टेप्स रेकॉर्डर विंडोज ७ मध्येच, म्हणजे २००९ मध्ये आला होता, आणि मायक्रोसॉफ्टने आता तो मोडीत काढायला घेतला आहे. त्याच्या जागी आलेली नवी साधने चित्रांबरोबर वाक्येही लिहून देतात. क्लिक टिपणे आणि "इथे क्लिक करा" असे लिहिणे एवढेच ज्याचे काम आहे, त्याची जागा ती घेतील, याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. परंतु वाचणारा कुठे अडखळेल, कोणती पायरी करण्याआधी त्याला सावध करायला हवे, आणि बारा चित्रांपैकी कोणती दहा काढून टाकावीत, हे त्या साधनांना तुम्हीच सांगावे लागते. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येते हा इथे मोठा आधार आहे : प्लेराइटसारख्या चाचणीच्या साधनाने छोटी स्क्रिप्ट लिहून, ठरलेल्या आकारात आणि ठरलेल्या खात्यातून वेब सॉफ्टवेअरची चित्रे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा काढता येतात, आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडण्याची पद्धत) व गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) यांची जोड दिली की मजकूर आणि चित्रे कोडसोबतच सांभाळता येतात. मला विचाराल, तर पुढचे दोन महिने स्नॅगिटपेक्षा यावर घालवावेत. जाता जाता एक सूचना : जुन्या मार्गदर्शनपर लेखांत सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन या अमेरिकी संस्थेचे सभासदत्व आणि प्रमाणपत्र घेण्याचा सल्ला आढळेल, परंतु ती संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे.

बायोडेटात "स्क्रीन कॅप्चर सॉफ्टवेअरचे ज्ञान" अशी ओळ लिहू नका. त्याऐवजी त्या पुस्तिकेतील एकच प्रकरण नव्याने करा, त्याचा नियमपट, चित्रांचा तक्ता आणि जमल्यास स्क्रिप्ट सोबत ठेवा, आणि जुने प्रकरण नव्यासोबत दाखवा. मात्र ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मालकीचे असल्यास त्याचे पडदे पोर्टफोलिओत दाखवण्यापूर्वी महाविद्यालयाची आणि गरज पडल्यास त्या कंपनीची लेखी परवानगी घ्या. ती मिळण्यास वेळ लागणार असेल, तर लिबरऑफिस किंवा गिम्प यांसारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील एखादे काम निवडून त्यावर पाच-सहा पाने तयार करा.